सतरा नंबरचा बिल्ला

अंकुश गेल्याची बातमी त्याच्या बायकोला मला तीनदा सांगावी लागली. मी लिंबागणेशला गिरणीत दळण घेऊन उभा होतो आणि खिशातला फोन वाजला. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. गिरणीच्या घरघरीत रुक्मिणवहिनींचा आवाज कळेना. "काय म्हणताय?" असं मी दोनदा विचारलं, त्याही दोनदा बोलल्या. शेवटी बाहेर रस्त्यावर आलो आणि मग ऐकू आलं. "मास्तर, हे गेले. दवाखान्यातच." पिठाचा डबा तिथेच विसरून पालीला निघालो. आज दीड महिना झाला. नवऱ्याच्या मरणाचं वाक्य त्या बाईला माझ्यामुळे तीनदा उच्चारावं लागलं, हे मनातून जात नाही. पण ते लहान ओझं आहे. मोठं वेगळंच आहे, आणि ते उतरवायची जागा आता उरली नाही म्हणून इथे लिहितो आहे.

अंकुश पालीचा. आठवीपासून आम्ही एका बाकावर. पुढे मी लिंबागणेशच्या शाळेत भूगोल शिकवायला लागलो आणि तो पाटबंधारे खात्यात लागला. बिंदुसरा धरणावर पाण्याची पातळी वाचण्याचं काम त्याच्याकडे आलं. रोज सकाळी पायऱ्या उतरायच्या, पट्टी बघायची, आकडा वहीत लिहायचा. दुष्काळात धरणाचा तळ उघडा पडला, त्यात गुरं चरायला लागली, तरी हा गडी रोज पायऱ्या उतरायचा आणि वहीत 'पाणी नाही' असं लिहून वर यायचा. मी चिडवायचो, "अरे, वरून दिसतंय की शेंबड्या पोरालासुद्धा." तो म्हणायचा, "रकाना मोकळा ठेवायचा न्हाई, मास्तर. मोकळा दिसला की लोकाला वाटतं, कुणी आलंच न्हाई." धरण भरलं की तो खात्याच्या पत्र्याच्या नावेतून फिरायचा आणि मला हाका मारायचा. मी कधी नवे कपडे पुढे करायचो, कधी तपासायचे पेपर, आणि काठावरच बसून राहायचो. खरी गोष्ट अशी, की मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी पोहायला शिकवायचं म्हणून चुलत्यांनी विहिरीत ढकललं होतं, तेव्हापासून. तीस वर्षं मी फळ्यावर लाल खडूनं उष्ण आणि निळ्या खडूनं थंड सागरी प्रवाह काढले, पण गुडघाभर पाण्यात कधी उतरलो नाही. भूगोलाच्या मास्तरनं हे कुणाला सांगायचं? लाज वाटायची. अंकुशला तर अवाक्षर बोललो नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, अष्टविनायक करतात. अंकुशच्या डोक्यात जहाज शिरलं. पुण्याला असलेल्या त्याच्या मुलीनं, दीपालीनं, मोबाईलवर त्याला एक दहा मजली जहाज दाखवलं. त्यात दुकानं, सिनेमा, पोहायचा तलाव, सगळं होतं. ह्यानं नाक मुरडलं. "यात समुद्र कुठंय? नुसता आठवडी बाजार हाय हा," म्हणाला. शेवटी त्यानं एक लहान जहाज शोधलं. तीस-बत्तीस प्रवाशांचं, मुंबईहून निघून कोकणातल्या लहान लहान बंदरांना थांबत जाणारं, सहा दिवसांचं. वहिनींनी हात झटकले. "मला एस्टीत बी मळमळतं. तुमी मास्तरला न्या." दीपालीनं दोन पलंगांची एक खोली घेतली, एक त्याच्या नावाची जागा, एक माझ्या. मी होकार दिला. तेव्हा सहा महिने हातात होते आणि सहा महिन्यांत काहीही होऊ शकतं, असा माझा हिशेब.

झालं काहीच नाही. उलट अंकुश तयारीला लागला. जहाजाच्या कंपनीतल्या मुलीला त्यानं इतके फोन केले, की ती "बोला काका" म्हणूनच सुरुवात करायची. हे फोन तो माझ्यासमोर, आवाज मोठा करून लावायचा. जिन्याला कठडा हाय का? जहाज किती हलतं? ती सांगायची, मोठ्यापेक्षा जरा जास्त हलतं, पण काका, मधोमध आणि खाली बसा, किनाऱ्याकडे बघा, सोबत आल्याची वडी ठेवा. बंदर उथळ असलं तर होडीतून उतरवतात का? उतरवतात, पण खलाशी हात धरतात. पोहता न येणाऱ्याला चालतं का? चालतं, जाकीट देतात. मी ऐकायचो आणि मनात म्हणायचो, काय हा बारीकसारीक चौकशा करतो. आज कळतं, ज्या माणसानं उभा जन्म पत्र्याच्या नावेत काढला त्याला जिन्याच्या कठड्याशी काय करायचं होतं? बीडला जाऊन आम्ही पिशव्या घेतल्या. मला काळी हवी होती. त्यानं माझ्यासाठी निळी, भडक निळी पसंत केली, गर्दीत चटकन दिसावी म्हणून.

निघायच्या दिवशी दुपारच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं. लिंबागणेशलाही गाडी थांबते, पण शेजारी शेजारी जागा मिळावी म्हणून मांजरसुंब्याच्या फाट्यावर भेटायचं ठरलं. मी जीपमधून फाट्यावर उतरलो. पलीकडे धाब्याबाहेरच्या बाकावर अंकुश बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. समोर चहाचे दोन ग्लास. एकावर बशी झाकलेली, माझ्यासाठी. रस्ता ओलांडायचा, एवढंच राहिलं होतं. पण पाय उचलेनात. उभ्या ट्रकच्या आडोशाला गेलो आणि तिथून फोन लावला. "अंकुश, बहिणीला पाटोद्याला दवाखान्यात नेलंय. मला तिकडं जावं लागतंय. तू जा." तो म्हणाला, "बरं. जा. बहिणीला जप." ट्रकच्या कडेनं मी बघत होतो. त्यानं आपला चहा संपवला, मग बशी काढून माझाही प्याला. गाडी आली आणि तो चढला. माझी बहीण त्या वेळी पाटोद्यात ठणठणीत होती. घरी येऊन बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "भावजींनाही सांगून टाका, आले की." मी म्हटलं, सांगतो.

तो परत आला तेव्हा पालीला त्याच्या ओट्यावर बसून त्यानं मला ते जहाज इंचाइंचानं सांगितलं. खोली एवढी चिंचोळी, की एकानं बूट घालायचे तर दुसऱ्यानं पलंगावर पाय घ्यायचे. तो एकटाच होता, तरी दुसऱ्या पलंगावर पिशवी ठेवली नव्हती म्हणे. कप्तान ह्याच्याच टेबलावर जेवायला. दुसऱ्या दिवसापासून आचाऱ्याला ठाऊक, की पालीच्या पाहुण्याला भाकरीसोबत ठेचा लागतो. नाचगाणी नाहीत, दुकानं नाहीत. संध्याकाळी कुणी भजन म्हणतंय, कुणी आपल्या गावच्या गोष्टी सांगतंय. कंटाळा यायला जागा आहे, असं तो आनंदानं म्हणाला. "पर एक हाय बघ, मास्तर. ल्हान जहाजावर माणूस नसला की लगेच कळतं. मोठ्यावर कोण कुणाला इचारतंय?"

आणि मग बिल्ल्यांची गोष्ट. जहाजाच्या शिडीपाशी एक फळी होती, तिच्यावर खिळ्यांना प्रत्येकाच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला टांगलेला. एक बाजू पांढरी, म्हणजे माणूस जहाजावर. दुसरी लाल, म्हणजे बाहेर. उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, परतल्यावर पांढरा, म्हणजे कुणी किनाऱ्यावर राहून जात नाही. अंकुशचा नंबर सोळा. माझा सतरा नंबरचा बिल्ला त्याच्या शेजारीच टांगलेला, तो कुणी काढलाच नाही. हा उतरताना दोन्ही लाल करायचा, परतल्यावर दोन्ही पांढरे. "कामून रे?" मी विचारलं. "रकाना मोकळा कसा ठेवू?" तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी एका बंदरावर तो माझ्यासाठी आमसुलं घेऊन परतला. हातात ओझं होतं, त्या नादात आपला बिल्ला फिरवला आणि माझा विसरला. शिडीवरचा खलाशी त्याच सकाळी नव्यानं आलेला. त्यानं फळी बघितली, सतरा नंबर बाहेर! कप्तान बंदराच्या कचेरीत गेलेला. खलाशी प्रवाशांची यादी घेऊन शिट्टी फुंकत गावात शिरला, आणि थोड्या वेळानं देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, की बीडचे मास्तर असतील तिथून धक्क्यावर यावेत, जहाज खोळंबलंय. अंकुश वर बसून चहा पीत होता. पाण्यावरून माझा पुकारा ऐकला आणि ताडकन उठला म्हणे. त्या घटकेला मी लिंबागणेशला ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होतो. कप्तान आधी रागावला, मग हसला, आणि शेवटच्या दिवशी त्यानं दोन्ही बिल्ले काढून अंकुशच्या हातात दिले. "सतरा नंबरला पुढच्या वेळी खरोखरचे घेऊन या," म्हणाला. ही गोष्ट ऐकताना मी पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ नव्हती. तोंडाशी आलं होतं... मी पाणी मागितलं.

ते बिल्ले त्यानं दारामागे दोन खिळ्यांना टांगले आणि घराचंच जहाज केलं. मी गेलो की सतरा पांढरा, निघालो की लाल. स्वतः बाजाराला गेला तरी सोळा लाल करून जायचा. वहिनी म्हणायच्या, "साठीनंतर पोरकटपणा लई वाढलाय." ओट्यावरून उतरताना तो मला हात द्यायचा, पण पंजा धरायचा नाही, मनगट धरायचा आणि आपलं मनगट मला धरायला लावायचा. होडीत उतरताना खलाशी असाच हात देतात, एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते, असं सांगायचा. मला वाटायचं, प्रवासातली गंमत दाखवतोय. एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. शेजाऱ्याची म्हैस आजारी पडली तरी दहादा चौकशी करणारा हा माणूस, त्यानं माझ्या बहिणीची तब्येत एकदाही विचारली नाही. मला त्याचं बरंच वाटलं. विचारलं नाही, म्हणजे आणखी खोटं बोलावं लागलं नाही.

शेवटची भेट तो जायच्या आठ दिवस आधीची. "औंदा जायचंय बरं का. दीपालीला सांगून ठेवलंय, तीच खोली," तो म्हणाला. मी म्हटलं, "बघू." बघू या शब्दानं आपल्याकडे किती माणसांना टांगून ठेवलंय, कुणास ठाऊक. निघताना त्यानं नेहमीसारखा हात पुढे केला. मी म्हटलं, "मी काय म्हातारा झालोय का?" आणि दुसऱ्या बाजूनं उडी मारून उतरलो. विषय वाढू नये म्हणून घाईनं निघालो, मागे वळूनही बघितलं नाही. तो हात मी घेतला नाही.

परवा पालीला गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला. माझं लक्ष दारामागे गेलं. सोळा नंबर लाल होता. "दवाखान्यात निघताना सोताच फिरवला," वहिनी म्हणाल्या. "जीप दारात उभी, छातीत कळ, तरी मागं वळले. मी आता पांढरा कशी करू, सांगा." सतरा मात्र पांढराच होता. मी म्हटलं, त्या दिवशी मी घाईत निघालो, फिरवायचा राहिला असेल. "राहिला न्हाई. मी फिरवाय गेलते, तर म्हणले राहू दे. मास्तर मनानं हितंच हाय."

मग माझ्यानं राहवलं नाही. दोन वर्षं अंकुशला सांगायचं राहिलेलं मी त्याच्या बायकोला सांगितलं. बहीण आजारी नव्हती, मला पाण्याची भीती वाटते, मी फाट्यापर्यंत येऊन परत गेलो. वहिनींनी बशी माझ्याकडे सरकवली. "त्येंना म्हाईत होतं," त्या म्हणाल्या. "पाण्याचं भ्या तर पहिल्यापास्नंच. अन् त्या दिशी ट्रकच्या खालून तुमचे पाय दिसत होते अन् ती निळी पिशवी. गाडीत बसल्या बसल्या मला फोन केला. म्हणले, 'मास्तर फाट्यापस्तोर आलता गं. पुढच्या बारीला गाडीपस्तोर येईल.'"

चहा तसाच राहिला. दोन वर्षं तो वाट बघत होता, पण जहाजाची नव्हे. मी आपणहून सांगेन याची. त्याआधी माझ्यासाठीच त्यानं जिन्याचे कठडे विचारले होते, नंतर मनगट धरायला शिकवलं, आणि मला ओशाळायला लागू नये म्हणून बहिणीचं नाव टाळलं. मी एका वाक्यात मोकळा झालो असतो. तो हसला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि आम्ही गेलो असतो.

निघताना सवयीनं हात सतरा नंबरकडे गेला, आणि मी तो मागे घेतला. बिल्ला पांढराच ठेवून आलो. तेव्हा तो एकटा जहाजावर होता आणि मी बाहेर. आता बाहेर तो आहे. ओट्यावर उभा राहिलो, खाली एकच पायरी होती, आणि ती उतरताना मी रिकामा हात पुढे करून थोडा वेळ तसाच थांबलो.