आत्याबाईचं घर आणि दोन सह्या

माझी आत्याबाई नर्स होती. नागपूरच्या एका प्रसूतिगृहात तिने सगळी नोकरी काढली. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच तिचा नवरा विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. सासर सावनेरकडचं. तेरावं उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी दिराने तिची पेटी बैलगाडीत ठेवली आणि तिला माहेरी आणून सोडलं. त्यानंतर तिकडचं कोणी तिच्या दारी आलं नाही आणि ती कधी तिकडे गेली नाही. माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, तिला नर्सिंगला घातलं. पुढचं सगळं तिने स्वतः केलं.

साठच्या दशकाच्या अखेरीस तिने शहराच्या कडेला एका नव्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. दारासाठी ती लकडगंजच्या लाकूडबाजारात तीन रविवार गेली. दुकानदाराने गाठीची फळी पुढे सरकवली की म्हणायची, "हे तुह्या घरी लाव गा. मले दुसरी दाखव."

तिथून माझं कॉलेज जवळ पडायचं, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. पुढे तिचे गुडघे धरले. मला नोकरी लागली तरी मी तिथेच राहिले. तिला आंघोळीला बसवणं, पायांना तेल लावणं हे माझं काम झालं, आणि त्याचं आम्हा दोघींनाही काही वाटेनासं झालं. घर माझंच, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ऐकून ऐकून ते मलाही खरं वाटत होतं.

ती निवृत्त झाली त्या दिवशी प्रसूतिगृहातले म्हातारे कंपाउंडर तिला म्हणाले होते, "बाई, घराचा कागद करून ठेवा."

"माहा काय राजवाडा आहे का?" ती हसली. "दोन खोल्या. त्याले कायचा कागद? अन् मी काय आत्ता मरून राहिली?"

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. एका सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठली नाही.

दोनेक महिन्यांनी घरावर माझं नाव चढवायला बाबा आणि मी भूमापन कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूने विचारलं, "मृत्युपत्र आहे?" आम्ही नाही म्हणालो. त्याने पुढचा प्रश्न विचारला, "नवऱ्याकडचं कोण हयात आहे?"

बाबांना वाटलं, तो फॉर्ममधली जागा भरतोय. पण बाबूने समजावून सांगितलं. बाईला मूल नसेल, नवरा नसेल, तर तिच्या कमाईचं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. भाऊ आणि भाची फार नंतर.

आम्ही वकिलाकडे गेलो. जाताना आत्याबाईच्या ट्रंकेत सापडलेला एक कागद मी बरोबर घेतला होता. वहीच्या पानावर तिच्या अक्षरात दोन ओळी होत्या: माझ्यामागे हे घर भाचीचं, दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. खाली सही. म्हणजे तिने हसण्यावारी नेलं नव्हतं, कधीतरी बसून लिहिलं होतं. वकिलांनी कागद उलटून पाहिला.

"साक्षीदार कुठे आहेत?" ते म्हणाले. "दोन जणांच्या सह्या हव्या होत्या. स्टॅम्प लागत नाही, रजिस्ट्री केलीच पाहिजे असंही नाही. रस्त्यावरच्या दोघांना हाक मारली असती तरी भागलं असतं."

त्या ले-आउटमधली अर्धी पोरं तिच्या हातावर जन्मली होती. सही करायला कोण नाही म्हणालं असतं? कदाचित तिला कोणाला सांगायचं नसेल. कदाचित साक्षीदार लागतात हेच तिला माहीत नसेल. मला तेव्हा सासरच्यांचा राग आला नाही. तिचा आला, आणि तो बरेच दिवस राहिला.

आई म्हणाली, "सासरचं कोणी नाही असं लिहून द्या. कोण पाह्यले येते?" बाबांनी ऐकलं नाही. चौकशी करून त्यांनी दिराच्या मुलाला पोस्टकार्ड टाकलं. दीर कधीच वारला होता, मागे हा एकटा.

तो एका रविवारी आला. खाणीत हजेरी घेण्याचं काम करायचा. शेतातली वांगी पिशवीत घेऊन आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, मले त काकूचं तोंडही आठवत नाही," तो म्हणाला. "पण घरची म्हणते, कायद्यानं आलेलं काहून सोडाचं? दोन पोरी आहेत लग्नाच्या."

मी विचारलं, "तिला गाडीत बसवलं तेव्हा तुम्ही होता?"

"चार वर्षांचा होतो मी."

त्याने वर्षभर राहायला सांगितलं, हवं ते सामान न्या म्हणाला. मी तिची शिलाई मशीन आणि पलंग घेतला आणि चार महिन्यांत घर सोडलं. पुढे त्याने ते विकलं.

त्याच वर्षी मी बाबांसमोर त्यांच्या मृत्युपत्राचा विषय काढला. आई कडाडली, "जित्या माणसाले मरणाचं काय विचारतं वं?" नवव्या दिवशी बाबांनी फुलस्केप कागद मागवला, शाईच्या पेनाने सगळं लिहून काढलं आणि आम्हा सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचलं. आईच्या हयातीत घर आईचं. नंतर पुढचा भाग माझ्या भावाचा, मागच्या दोन खोल्या माझ्या.

भाऊ उठून उभा राहिला. "हिचं उद्या लग्न होईल. हिला खोल्या कायले?"

"आत्ताच भांडून घ्या," बाबा म्हणाले. "मी आहे तोवर सोडवतो."

आम्ही खरंच भांडलो, दोन रविवार. आवाज चढले, आईने ताटं आपटली. शेवटी दोन खोल्यांऐवजी एक खोली आणि विहिरीकडची मोकळी जागा माझी, असं ठरलं. बाबांनी पहिला कागद फाडून दुसरा लिहिला. शेजारचे शिंपीकाका आणि बाबांच्या पोस्टातले एक सहकारी यांना बोलावून त्यांच्यासमोर सही केली, मग त्या दोघांनी केली. ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी साक्षीला राहायचं नाही, हे वकिलांनी सांगितलं होतं, म्हणून तेवढा वेळ आम्ही बाहेर ओट्यावर बसलो.

बाबा त्यानंतर पाच वर्षांनी गेले. महिनाभराने भाऊ तो कागद घेऊन सकाळी त्याच भूमापन कार्यालयात गेला. बाराच्या सुमारास परत आला, चपला काढल्या आणि आईला म्हणाला, "झालं. वाढ, भूक लागली."