रंगातले माशाचे डोळे

काझ डुझिकला गाडी झटपट चमकवणाऱ्या फवाऱ्यांचा मनस्वी तिटकारा होता. हॅमट्रॅमक या मोटारकारखान्यांच्या गावात मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. दारावर त्यानं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती : 'मालकाशिवाय आत कोणीही काहीही फवारायचं नाही.' लोक पाटी वाचून हसत. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते काझला कधी कळलं नाही.

त्याच्या बापाच्या काळी मेणाचा चपटा डबा असे. रविवारी चर्चहून आलं की फडक्यानं मेण लावायचं, वाळू द्यायचं आणि खांदे भरून येईस्तोवर घासायचं. अख्खी दुपार त्यात जाई. त्या मेणाशी काझचं भांडण नव्हतं. थिनरचा एक हात मारला की ते निमूट निघून जाई. पुढे बाटलीतलं पातळ पॉलिश आलं. त्यात सिलिकॉनचं तेल असे, त्यामुळे घासायचे कष्ट निम्मे झाले. मग तेच तेल दाबाच्या डब्यातून येऊ लागलं. फुस्स करा, पुसा, झालं. सगळं गाव खूश, आणि काझच्या नाकी नऊ आले. कारण त्या तेलाचा एवढासा कण जरी पत्र्यावर राहिला, तरी ताजा रंग तिथून अंग चोरून मागे सरतो आणि मसुराएवढा खड्डा पडतो. रंगारी त्याला माशाचा डोळा म्हणतात. एक डोळा दिसला की सगळा रंग उतरवायचा, घासायचं आणि पहिल्यापासून सुरुवात.

त्यातून त्याचा मेहुणा लेनर्ड. बायकोचा, म्हणजे लॉरेनचा, धाकटा भाऊ. ऐंशी साली मोटारीच्या कारखान्यानं माणसं कमी केली त्यात त्याची नोकरी गेली, आणि या पठ्ठ्यानं धंदा कसला काढावा, तर हेच फवारे विकण्याचा. रविवारी चर्चबाहेर कुणाच्याही गाडीचं अर्धं बॉनेट तो चमकवून दाखवी. उरलेलं अर्धं तसंच ठेवी. मालकाला मग डबा घेतल्यावाचून गत्यंतर नसे. फादर झिग्मंटसुद्धा त्याचं गिऱ्हाईक झाले. काझचं म्हणणं एकच, की आपल्या पोटावर पाय द्यायला बाहेरचं कुणी लागत नाही, बायकोचं माहेर पुरे.

त्र्याऐंशीच्या, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत फादरनी आपली गडद निळी गाडी चर्चच्याच फाटकावर घातली. पुढचं मडगार्ड चेपलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सणाच्या जेवणाच्या टोपल्यांना आशीर्वाद द्यायचे होते, तोवर गाडी हवी होती. काझनं पोचे काढले, लांबी भरली, प्रायमर मारला, वर निळा रंग दिला आणि दिव्याखाली वाकून पाहिलं. पाच डोळे त्याच्याकडे बघत होते.

त्यानं रंग उतरवला. तीन वेगवेगळ्या फडक्यांनी तीनदा थिनर फिरवलं. पुन्हा रंग दिला. या खेपेला नऊ.

त्या रात्री जेवताना त्यानं लेनर्डचा असा काही उद्धार केला, की लॉरेननं कोबीचं भांडं उचलून आत नेऊन ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी काझनं मडगार्डच बदलून टाकलं. कोरं करकरीत, खोक्यातून काढलेलं. त्याला ना फादरचा हात लागलेला, ना लेनर्डचा फवारा. रंग दिला. सात डोळे.

काझ स्टुलावर बसला. त्यानं हात टेकले होते. नळी बदलली होती, हवेचा पंप उघडून पुसला होता, रंगाचा डबाही दुसरा आणला होता. तरुणपणी कारखान्याच्या रंगखात्यात लागला तेव्हा पहिल्याच दिवशी केसांना तेल लावायचं सोडलं, ते आजतागायत. आणखी काय सोडायचं माणसानं?

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी लेनर्ड आपणहून आला. लॉरेननं पाठवलं असणार. पाटीचा मान राखून त्यानं फवाऱ्यांचं खोकं बाहेरच ठेवलं.

"मडगार्ड नवीन आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग याचं खापर माझ्या डोक्यावर फोडता येणार नाही, काझ."

लेनर्ड काझभोवती फिरला, जवळ आला आणि त्याच्या बाहीचा वास घेतला.

"काय करतोयस तू?" काझ मागे सरकला.

"हे कपडे इतके कडक कसे? चर्चच्या वेदीवर उभा राहणार आहेस की काय?"

दोघं घरी गेले. लॉरेन चर्चच्या पांढऱ्या चादरींना इस्त्री करत होती. ते काम वर्षानुवर्षं तिच्याकडेच होतं. या वर्षी खळ शिजवण्याची कटकट नको म्हणून तिनं फवारायची खळ आणली होती, आणि हात फिरतोच आहे तर नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांवरही मारत होती. लेनर्डनं डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. इस्त्री चिकटू नये म्हणून तिच्यातही सिलिकॉन घातलेलं होतं. काझ वाकला, हात फिरवला, की बाहीवरून तेच झडत होतं.

कारखान्यात कपडे कारखानाच धुऊन देई. त्यामुळे इतक्या वर्षांत कपड्यांचा विचार काझच्या डोक्यात आलाच नव्हता.

"म्हणजे इतके दिवस तू माझ्या भावाला शिव्या घालत होतास त्या..." लॉरेन म्हणाली.

"मला काय ठाऊक, तू मला खळ घालतेयस ते."

"बरं. उद्यापासून तुझी इस्त्री तू कर."

त्यानं ती कधीच केली नाही. जुने, धुवट, चुरगळलेले कपडे घालून त्यानं शुक्रवारी रंग दिला. निळा रंग काचेसारखा बसला. शनिवारी फादर गाडी घेऊन गेले. लेनर्डला सॉरी म्हणायला हवं, एवढं काझला कळत होतं. ईस्टरच्या जेवणाला त्यानं सॉसेजचा सगळ्यात जाड तुकडा मेहुण्याच्या ताटात वाढला आणि वर म्हणाला, "पाटी मात्र काढणार नाही मी."

तीन-चार वर्षांनी रंगवाल्या कंपन्यांनी माशाच्या डोळ्यांवर औषध आणलं. डब्यात चार थेंब टाका, खड्डे पडणार नाहीत. काझनं आता लेनर्डसारखी बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घेतली होती. औषधही सिलिकॉनचंच निघालं. सगळा रंगच तेलकट केला, तर एका कणाचं काय चालणार? तो दोन दिवस बडबडत राहिला, तिसऱ्या दिवशी थेंब टाकले आणि गॅरेज बंद होईपर्यंत टाकत राहिला.

लेनर्डच्या डब्यांवरची नावं मात्र बदलत गेली. सिलिकॉन जाऊन पॉलिमर आलं, दाबाचा डबा जाऊन चापाची बाटली आली, आणि म्हातारपणी त्यानं सिरॅमिक म्हणून काहीतरी आणलं. ते ओल्या गाडीवर मारलं तरी चालतं म्हणे. काझ प्रत्येक बाटली चष्मा चढवून वाची आणि परत देई. स्वतःच्या गाडीला तो मेणच लावी, पण पंचाहत्तरीनंतर खांदा उचलेना आणि डॉक्टरनं घासायची बंदी केली. एका रविवारी तो पायी चर्चला गेला असताना लॉरेननं भावाला बोलावून गाडीवर फवारा मारून घेतला.

काझ परत आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यानं दाराच्या मुठीखाली फडक्याचा एक ओरखडा शोधून काढला आणि त्या ओरखड्यावरून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं.