एमआरचा मास्तर

प्रशीलला बोलता येतं, याबद्दल जळगाव-धुळ्याच्या औषधविक्रीच्या धंद्यात कुणाला शंका नव्हती. अमळनेरपासून धुळ्यापर्यंत कुठल्या डॉक्टरची ओपीडी कधी ओसरते, कोण हसून खुर्ची देतो, कोण दारातूनच पिटाळतो, सगळं त्याला तोंडपाठ. डॉक्टर हात धुऊन पुसेपर्यंत तो नवं औषध त्यांच्या गळी उतरवून मोकळा व्हायचा. दहा-बारा वर्षं एमआरकी, म्हणजे औषधांची प्रतिनिधीगिरी केली, कंपनीत नाव कमावलं.

लॉकडाऊनमध्ये दवाखान्यांनी एमआर लोकांना दारं बंद केली. प्रशील जळगावात पिंप्राळ्यातल्या घराच्या गच्चीवर आपल्या मुलीला गणित शिकवायला बसला आणि बघता बघता गल्लीतली पोरं येऊन बसायला लागली. शेजारची एक मुलगी वजाबाकीत हातचा घ्यायची, पण का घ्यायचा ते तिला ठाऊक नव्हतं. प्रशीलने काड्यांची जुडी सोडून दाखवली, तशी ती उठून उभीच राहिली. "अय्या, म्हणजे दहाचे सुटे केले!"

डॉक्टरांनी हजार वेळा मान डोलावली होती, पण असा चेहरा त्याने पाहिला नव्हता. दवाखाने उघडले, तो परत कामाला लागला, तरी तो चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. दोनेक वर्षं अशीच गेली. शेवटी एकदा जेवताना तो वृषालीला, म्हणजे बायकोला म्हणाला, "मी डीएड करतो."

वृषाली नर्स. तिला गोष्टी लांबवायची सवय नाही. "दोन वर्षं घर मी बघते," ती म्हणाली. "पण अर्ध्यावर सोडून आलास, तर माझ्याशी गाठ आहे."

त्याचे वडील भटू आबा कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "लोके पोरेसले शाळामा धाडतस, आन् तू सोता चालना?"

"आबा, मी शिकवायला चाललोय."

"मंग आधी शिक," आबा म्हणाले आणि पुन्हा पेपरात तोंड घातलं.

धुळ्याच्या अध्यापक विद्यालयात पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला आणि सगळा वर्ग उभा राहिला. नुकतीच बारावी झालेली पोरं. त्यांना वाटलं प्राध्यापकच आले. प्रशील हसत मागच्या बाकावर जाऊन बसला. त्या दिवसापासून तो वर्गाचा 'काका' झाला. बालमानसशास्त्र, पाठ टाचण, शैक्षणिक साधनं, सगळ्यात काका पुढे. कॉलेजातल्या सराव पाठांना त्याच्याइतकं छान कुणी बोलत नसे. आपण या कामासाठीच जन्माला आलो, असं त्याला मनातून वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिपला साक्री तालुक्यातली, पिंपळनेरच्या पुढच्या एका पाड्यावरची शाळा मिळाली. दोन खोल्या, चार वर्ग. शाळा सांभाळत होत्या कोकिळा मॅडम. पंचवीसेक वर्षं त्याच भागात काढलेल्या, बोलायला कमी.

प्रशीलने दुसरीला पहिला पाठ घेतला. रंगीत तक्ते, आवाजात चढउतार, मध्येच वाघाची डरकाळी. पोरं खिदळली, टाळ्या पडल्या. खडूचे हात झटकत त्याने मॅडमकडे पाहिलं. मॅडम पुढे आल्या आणि पहिल्या रांगेतल्या रविनाला त्यांनी विचारलं, "काय सांगं सरनी?"

रविनाने विचार केला. मग डोळे मोठे करून म्हणाली, "सर भारी बोलतस!"

"हां, पण काय सांगं?"

रविना गप्प. शेजारची गप्प. वर्गच गप्प.

मॅडम टोचून बोलल्या नाहीत. पोरं खेळायला गेल्यावर म्हणाल्या, "तुम्ही छान बोलता. पोरांना कधी बोलू देणार?"

प्रशीलला झोंबलं. एसटीची वाट बघताना तो स्वतःवरच चिडून उभा होता. पण मार खाऊन घरी बसणारा तो गडी नव्हता. डॉक्टरने दहा वेळा हाकललं तर अकराव्यांदा जाणारा माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून त्याने तक्ते कपाटात ठेवले. एक प्रश्न विचारायचा आणि तोंड मिटून थांबायचं. ते थांबणं त्याला फार जड गेलं. जीभ नुसती वळवळायची. पण थांबलं की पोरं बोलत. आधी आपल्या बोलीत, अडखळत. मग एकमेकांचं खोडून काढत. कोंबडी किती दिवस अंड्यांवर बसते यावर दुसरीचा वर्ग असा भांडला, की मॅडम दुसऱ्या खोलीतून बघायला आल्या.

रविना सगळ्यांत पुढे. महिनाभरात ती पाटीवर आपल्या मनाची वाक्यं लिहायला लागली.

दिवाळी झाली आणि पाड्यावर टेम्पो यायला लागले. ऊसतोडीला जाणारी घरं बिऱ्हाड बांधू लागली. पोरंही आईबापांसोबत जाणार, ती उन्हाळ्यातच परतणार. रविनाचं नाव त्यात होतं.

प्रशील संध्याकाळी तिच्या घरी गेला. तिचा बाप जीवराम अंगणात दोर वळत होता. प्रशीलमधला जुना एमआर जागा झाला. शिक्षण, भविष्य, मुलीची हुशारी. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होतंय, दोन्ही वेळचं जेवण तिथेच. त्याने एक मुद्दा सोडला नाही.

जीवरामने सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही बोलतस ते बठ्ठं खरं शे, भाऊ," तो म्हणाला. "पण परोन दिन गाडी शे."

प्रशील उठला, फाटकापर्यंत गेला आणि थबकला. आपण पुन्हा नुसतेच बोललो, हे त्याच्या लक्षात आलं. तो मागे फिरला आणि सरळ ओट्यावर बसला.

"जीवरामभाऊ, रविना गेली नाही तर तुमचं काय अडतं?"

जीवराम बराच वेळ दोर वळत राहिला. प्रशीलही गप्प बसला. शेवटी घरातून रविनाच्या आईचा आवाज आला, "धाकला पोऱ्या शे ना सर, सात महिनाना. आम्ही उसमा ऱ्हासूत. त्याले कोण सांभाळी?"

म्हणजे अडचण शाळेची नव्हतीच. प्रशीलने इकडेतिकडे पाहिलं. ओट्याच्या कोपऱ्यात रविनाची आजी बेबाबाई शेंगा सोलत होती. तिला आतापर्यंत कुणी काही विचारलंच नव्हतं.

"अक्का, तुम्हाला काय वाटतं?"

बेबाबाईने हातातली शेंग खाली ठेवली. "मी जासू ना!" ती म्हणाली. "मन्हा डोया अजून चांगला शेत. पोऱ्याले मी सांभाळसू. पोर ऱ्हाई फुईघर. माले कोणी इचारं का?"

जीवरामने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको दारात येऊन उभी राहिली होती. ती हसली आणि विषय मिटला.

टेम्पो निघाला त्या दिवशी रविना खूप रडली. आत्याच्या घरी चार दिवस ती कुणाशी बोलली नाही, शाळेतही कोपऱ्यात बसून राहिली. प्रशीलने तिला बोलायला लावलं नाही, नुसती पाटी शेजारी ठेवली. पाचव्या दिवशी तिने त्यावर लिहिलं, 'आजी गाडीत पुढं बसली.' मग हळूहळू रुळली.

प्रशील बाकीच्या घरीही गेला. काही पोरं राहिली. एका घरची दोन्ही भावंडं मात्र गेलीच. तिथे त्याचं बोलणंही चाललं नाही, ऐकणंही. त्या दोन रिकाम्या जागांकडे पाहिलं की त्याला अजून वाईट वाटायचं. मॅडम म्हणाल्या, "ती परत आली की पहिल्यापासून धरू. तयारी ठेवा."

त्याने तयारी ठेवली. उन्हाळ्यात ती दोघं आली आणि इंटर्नशिप संपली होती तरी प्रशील धुळ्याहून येऊन त्यांना शिकवत राहिला.

पुढे डीएड झालं, टीईटी झाली, भरतीची परीक्षाही झाली. आज तो साक्री तालुक्यातल्याच एका गावात शिक्षणसेवक आहे. शनिवारी जळगावला जातो, सोमवारी पहाटेची गाडी धरतो. मध्यंतरी एका सोमवारी पहाटे वृषालीने सहज विचारलं, जवळची शाळा मागणार का म्हणून.

"आता नाही," प्रशील म्हणाला. "यंदा माझ्या हाताखाली पहिलीला आलेली पोरं चौथी पास होऊ देत. मग बघू."

वृषालीने त्याचा डबा भरला आणि मुलीला हाक मारली, "चल गं, पप्पांना स्टँडवर सोडून येऊ."