कात्रीची कवायत

कात्रीच्या दुकानात घासाघीस करायला गेलेला माणूस भाव पाडून परत आला, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. "सूट समोर मिळते," ती म्हणायची, "इथे पोशाख मिळतो." समोर म्हणजे रस्त्यापलीकडचं तीन मजली शोरूम. त्याचा मॅनेजर एकदा गोड बोलून तिचं दुकान विकत घ्यायला आला, तर तिने त्याच्या दिशेने कप भिरकावला. कप त्याच्या कानाजवळून गेला, चहा मात्र सगळा शर्टावर पोचला. कात्री हे नाव तिला जिभेमुळे पडलं की हातामुळे, यावर गल्लीत दोन मतं होती. नवऱ्याने लग्नानंतर एकदाच हात उगारला होता. तिने कापड मोजायचा लाकडी गज त्याच्या मनगटावर असा हाणला की हाड मोडल्याचा आवाज शेजारी ऐकू गेला. तो गेला तो गेलाच, मागे शिलाई मशीन राहिलं. त्या व्यवहारात नफा कुणाचा झाला, हे ती हसत हसत सांगायची.

शोरूम आलं तेव्हा गल्लीतली नवरीच्या कपड्यांची बाकीची दुकानं पटापट मिटली. कात्री टिकली. एक तर ती एकच नमुना दोघींना शिवत नसे. एका लग्नात आलेल्या बायका दुसऱ्या लग्नातही असतात आणि त्यांना सगळं आठवतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि दुसरं म्हणजे तिची कवायत. शोरूममध्ये नवरीला आरशासमोर बाहुलीसारखी उभी करतात, घरचे वाहवा करतात, बिल फाडलं जातं. मग भर लग्नात ती मैत्रिणीला मिठी मारायला जाते आणि काखेत टर्रकन उसवतं. कात्री नवरीला एकटीलाच आतल्या खोलीत नेऊन दार लावायची. आई नाही, बहीण नाही, होणारा नवरा तर नाहीच. मग हुकूम सुटायचे. बस. वाक. हात वर. गिरकी घे. उडी मार. "माझी शिवण लग्नात उसवली तर नाक कापून देईन," असं ती सगळ्यांना सांगत असे, आणि नाक अजून जागेवर होतं.

तरी नुसत्या कवायतीवर दुकान चालत नाही. शहरातला सगळ्यात मोठा लग्नाचा हॉल ज्यांचा, ते शेठ हॉल ठरवायला आलेल्या मुलींना तिच्याकडे पाठवत. तिची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दावर यायची. त्यामुळे शेठच्या मुलाचंच लग्न ठरलं आणि त्याची नवरी कात्रीकडे आली, तेव्हा दुकानातले म्हातारे शिंपी मास्तर इस्त्री फिरवता फिरवता चक्क गाणं म्हणायला लागले.

शेवटच्या कवायतीला मुलगा स्वतः तिला घेऊन आला. बाहेरच्या सोफ्यावर पाय पसरून बसला. "मावशी, जपून हां. आमची नवरी नाजूक आहे," म्हणाला. कात्रीला तो आवडला, खोटं कशाला बोला.

आत मुलगी बसली, वाकली. "हात वर," कात्री म्हणाली. उजवा हात वर गेला. डावा खांद्यापर्यंत येऊन थांबला आणि मुलीचा चेहरा पांढराफटक पडला.

कात्रीला वाटलं, काख आवळली. इतकी वर्षं कपडे बेतणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? तिने मागचं दार ढकलून शिवणाच्या खोलीत बसलेल्या मास्तरांच्या पिढ्यान्‌पिढ्या उद्धरल्या, काखेची शिवण उसवली, कापड सैल केलं. "आता कर." हात तिथेच. आणखी उसवलं. हात तिथेच. शेवटी वैतागून तिने पोशाख खांद्यावरून खाली ओढला आणि तिचे हातच थांबले. काखेपासून कमरेपर्यंत कातडी काळीनिळी पडली होती, आणि मधोमध बुटाच्या टाचेचा अर्धगोल उठला होता.

"पडले मी," मुलगी म्हणाली.

"बुटावर पडलीस?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज शांत होता. "मावशी, बाही जरा सैल करा ना. लग्नापर्यंत दुखायचं थांबेल."

कात्रीच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याच डोक्यात शेठही होते, त्यांनी पाठवलेल्या मुली होत्या, मास्तरांचं म्हातारपण होतं. 'करते सैल' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "काय पुराण लावलंय आत?"

आणि कितीही उसवून वर न गेलेला तो डावा हात आपोआप वर गेला. मुलीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं.

मग कात्रीने विचार केला नाही. आपला कोट मुलीच्या अंगावर टाकला, तिला मागच्या दाराने मास्तरांच्या हवाली केलं. "हॉस्पिटल. स्कूटर जोरात हाणा. मागे वळून बघाल तर तंगडी तोडीन." मास्तर इस्त्री तशीच चालू टाकून पळाले.

तिने पुढचं दार उघडलं. "लग्न मोडलं," ती म्हणाली. "घरी जा."

तो आधी हसला. मग खोली रिकामी दिसली आणि त्याने स्टूल उचलून आरशावर घातलं. दांडीवर त्याच आठवड्यातल्या लग्नांचे पोशाख लटकत होते. टेबलावरची मोठी कात्री घेऊन तो ते एकेक करून वरपासून खालपर्यंत चिरत गेला, आणि चिरताना तिला शिव्या देत होता. कात्री त्याला अडवायला मध्ये पडली. त्याची मूठ तिच्या तोंडावर बसली, पुढचा दात तुटून घशात गेला. त्याने तिला केसांना धरून शिवणाच्या खोलीत फरफटत नेलं. "कुठंय ती? बोल! कुठंय?" दर प्रश्नाला तिचं डोकं टेबलावर आपटत होतं. डोळ्यांत रक्त उतरलं, काही दिसेना. हात चाचपडत होता, त्याला इस्त्रीची मूठ लागली.

तिने ती त्याच्या गालावर टेकवली. मांस चरचरलं. तो किंचाळला, तरी तिने लगेच उचलली नाही. हे पुढे पोलिसांना तिने आपणहून सांगितलं.

मुलीच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. हॉस्पिटलातून तिची आत्या तिला आपल्या घरी घेऊन गेली, पण मुलगी भिंतीकडे तोंड करून पडून होती, जबाब देईना. त्यामुळे त्याला कोठडीत डांबून ठेवणारी तक्रार एकच होती, कात्रीची. ती मागे घेतली की तो सुटणार होता, आणि आत्याचं घर त्याला माहीत होतं.

मग शेठ आले. गाडीतून उतरले, बरोबर त्यांची बायको. फुटक्या काचांवरून चालत ते आत आले आणि सोफ्यावर मुलगा बसला होता तिथेच बसले. "ताई, पोरगं तापट आहे. तुम्हीही काही कमी नाही," ते समजुतीने म्हणाले. "त्याने भाजल्याची, तुम्ही मारहाणीची, दोघांनी तक्रारी मागे घ्यायच्या. आरसे, कपडे, सगळं मी भरून देतो. इथून पुढे माझ्या हॉलमधली प्रत्येक नवरी तुमची. नाहीतर समोरचे तर टपूनच बसलेत."

कात्रीचं तोंड सुजलं होतं, बोलताना ओठ फाटत होता. मागे मास्तर चिरलेले पोशाख गोळा करत होते. एखादा सांधता येईल का बघून पुन्हा हँगरला लावत होते. दुकान गेलं तर या माणसाला या वयात कोण कामावर ठेवणार? तिला रडू आलं. आपण हो म्हणणार, हे तिला कळून चुकलं.

शेठची बायको एकाएकी उठली आणि तिच्या गळ्यात पडली. "मागे घ्या हो!" तिने टाहो फोडला. "एकुलता एक आहे माझा! तोंड भाजलं हो माझ्या लेकराचं! दया करा, ताई!" शेठनी मान डोलावली. बाई हुंदके देत होती, आणि हुंदक्यांच्या आडून तिचं तोंड कात्रीच्या कानाला लागलं होतं.

"घेऊ नका," ती कुजबुजली. "मेलात तरी मागे घेऊ नका. त्याच्या बापाला वेळेवर असं कुणी भाजलं नाही."

आणि पुन्हा मोठ्याने रडायला लागली.

कात्रीने तिला हळूच दूर केलं. शेठकडे बघून म्हणाली, "नाही."

"विचार करा."

"केला. दुकान गेलं तर जाऊ दे. तक्रार राहील."

शेठ उठले. त्यांनी बायकोच्या दंडाला असं धरलं की ती एका बाजूला वाकली. वाकूनच तिने कात्रीला शिव्या द्यायला सुरुवात केली. सटवी म्हणाली, कैदाशीण म्हणाली, तुझ्या दुकानाला आग लागो म्हणाली. दारातून, पायऱ्यांवरून, गाडीत बसेपर्यंत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती कात्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गेली, आणि शेठ ते समाधानाने ऐकत होते.

मास्तरांना वाटलं, आता ताई चवताळणार, काहीतरी फेकून मारणार. ते हँगर टाकून तिला धरायला धावले.

पण ती दारात खाली मान घालून उभी होती. जन्मात कुणाची एक शिवी सहन न केलेली बाई त्या दिवशी शेवटच्या शिवीपर्यंत निमूटपणे ऐकत राहिली.