पहिला थेंब कोणाचा

असले अनुभव मी आजवर वाचले ते केवळ खुसपटं काढायला. दिवा आपोआप गेला? वायरिंग बघा. पावलं वाजली? मांजर असेल. मी ऑडिटर आहे, पटकन विश्वास ठेवायची मला सवयच नाही. आणि आज स्वतःच लिहायला बसलेय... हसा खुशाल.

आम्ही सिंगापूरला, बुकित बातोकमध्ये नवव्या मजल्यावर राहतो – मी आणि माझा नवरा सतीश. त्याआधी बरीच वर्षं फिनलंडच्या उत्तर भागात काढली. तिथला हिवाळा म्हणजे नुसता छळ. एप्रिल आला तरी बर्फ हलायचं नाव घेत नाही. मग कधीतरी भर दुपारी छपराला लटकलेल्या बर्फाच्या सुळक्यावरून एक थेंब खिडकीखालच्या पत्र्यावर पडतो. टप्. संध्याकाळी पुन्हा सगळं गोठतं. दुसऱ्या दिवशी दोन-चार थेंब, मग परत थंडी, मग परत थेंब... असं रखडत रखडत झाडांना पानं फुटायला मे उजाडतो.

त्या पहिल्या थेंबावर आमची पैज असायची. ज्याला तो आधी ऐकू येईल तो जिंकला. हरणाऱ्याने झाडांना पानं फुटेपर्यंत रोजचा चहा करायचा. दरवर्षी सतीशच जिंकायचा! मी धावत जाऊन सांगावं, "पडला थेंब," की हा पेपरातून डोकं वर न काढता म्हणणार, "काल पडला." पुरावा शून्य. मी चडफडत चहा करायचे. आता वाटतं, किती सुखाची भांडणं होती ती.

इथे आलो आणि ऋतूच संपले. बारा महिने तोच घाम, तीच हिरवी झाडं. पैजही बंद पडली.

गेल्या दिवाळीनंतर सतीशला स्ट्रोक आला. इथल्या नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमधून घरी आला, हातपाय हळूहळू चालायला लागले, पण बोलणं गेलं ते गेलंच. स्पीच थेरपिस्ट म्हणायची, शब्द आत आहेत, फक्त याला बोलावंसं वाटलं पाहिजे. मी गाणी लावली, जुने फोटो दाखवले, मुद्दाम भांडण उकरून काढलं. हा किचनच्या खिडकीशी खुर्चीत बसून नुसता बाहेर बघायचा. माझ्या फोनमध्ये त्याचे जुने व्हॉइस मेसेज होते – 'येताना कोथिंबीर आण' वगैरे. ते ऐकून मी रडायचे. हा आवाज आता फोनमध्येच उरणार, याची मला भयंकर भीती वाटत होती.

मार्चमध्ये एका दुपारी खिडकीबाहेर एसीच्या पत्र्यावर टप् असा आवाज झाला. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. संध्याकाळी बंद. दुसऱ्या दुपारी पुन्हा. माझं डोकंच फिरलं. वरच्या मजल्यावरच्या चिनी आंटीचा एसी गळत असणार, नाहीतर खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले ओले कपडे. गेले तरातरा वर.

आंटीने घरात घेऊन सगळं दाखवलं. "एअरकॉन स्पॉइल लाँग टाइम ऑलरेडी, ला," म्हणाली. म्हणजे एसी कधीचाच बंद पडलेला. बांबू रिकामे होते. पाऊस तर कित्येक दिवस नव्हता. मी तिच्या खिडकीतून वाकून पाहिलं, सगळं ठणठणीत कोरडं.

खाली आले तर टप् टप् चालूच. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळहातावर थेंब पडला. बर्फासारखा गार! हाताला कळ लागली. अहो, इथे नळालासुद्धा कोमट पाणी येतं. आणि तो वास... बर्फाखालून मोकळ्या होणाऱ्या मातीचा. मी घाबरायला हवं होतं, पण मला एकदम त्या जुन्या घरी गेल्यासारखं वाटलं.

मी वळले. सतीश माझ्या हाताकडे बघत होता.

मी म्हटलं, "थेंब पडला. मला आधी ऐकू आला. या वर्षी चहा तुझ्याकडे."

त्याचे ओठ हलले. चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं, काहीतरी होतंय याला. मग जड, तुटका, पण त्याचाच आवाज आला.

"खो...टं. काल."

मी तिथेच फरशीवर बसले आणि हसत हसत रडले.

ते थेंब पुढे आठवडाभर वाढत गेले आणि एके दिवशी थांबले. बिल्डिंगच्या प्लंबरने पाइप तपासले, कुठेच गळती नाही. थेरपिस्ट म्हणाली, बोलणं या सुमाराला परत येतं कधीकधी. असेलही. पण तो गारठा कुठून आला? मी सगळ्या बाजूंनी पडताळून पाहिलं, हिशेब लागत नाही.

सतीश आता छोटी छोटी वाक्यं बोलतो. परवा मी वाद घातला, इथे पानं कायमच असतात, तेव्हा माझी चहाची शिक्षा संपली. तो म्हणाला, "फुटली कुठे?"

खरंच आहे. इथली झाडं कधी उघडी पडत नाहीत, मग नव्याने पानं फुटणार कधी? म्हणजे चहा आता जन्मभर माझ्याकडेच. करतेय.