आंबा, अढी आणि बाळाचा श्वास

दीक्षाच्या केसांतली अबोलीची फाती, गजराच तो, अजून ताजी होती आणि पोटातलं पाणी जायला लागलं होतं. सातवा महिना सरत आलेला. आदल्याच दिवशी घरी डोहाळजेवणाची फुलं माळली होती.

डिचोलीतल्या एका लहान हॉस्पिटलात मी स्त्रीरोगतज्ज्ञ. पाणी गेलं की डिलिव्हरी कधीही होते, आणि एवढ्या लवकर आलेल्या बाळाचं घोडं अडतं ते श्वासावर. फुप्फुसांतले बारीक फुगे उघडतात आणि परत चिकटतात. ते चिकटू नयेत म्हणून आतून साबणासारखा थर लागतो, सर्फॅक्टंट. तो पुरेसा झालेला नसतो. म्हणून आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. त्याचा पूर्ण गुण यायला एक दिवस जातो. पहिला डोस लगेच देऊन तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं होतं.

"स्टेरॉइड नाका," दीक्षाची सासू म्हणाली. सर्वण गावच्या बागायतदार काकी. "माज्या भावाक दमो होतो. त्या गोळयांनी ताचें तोंड सुजलें."

"त्यांनी खूप महिने घेतल्या असतील. हे दोनच डोस."

"आनी सुनेच्या मांडयेक टोचून भुरग्याची छाती कशी तयार जातली?"

मला प्रश्न फार आवडला. विद्यार्थी असताना मलाही तोच पडला होता.

"औषध वारेतून बाळाकडे जातं. दिवस भरत आले की बाळ स्वतःच तसलं हॉर्मोन बनवतं, कॉर्टिसॉल. त्याने फुप्फुसं तयार होतात. आपण तोच निरोप लवकर धाडायचा."

"आमी आंबे तणांत पिकत घालतात, तशें?"

"तसंच, अढी घालतात तसं."

"घाला डॉक्टर," दीक्षा म्हणाली. सासूच्या होकारासाठी ती थांबली नाही.

दोन्ही डोस झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिकडच्या डॉक्टरांचा फोन आला. मुलगी. थोडा ऑक्सिजन लागतोय, पण श्वास तिचा ती घेतेय. मला इतका आनंद झाला की हातातला चहा तसाच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात काकी धाकट्या सुनेला घेऊन आल्या. चौथा महिना, सगळं ठीक.

"हिकाय तें इंजेक्शन मार. भुरगें घटमूट जातलें."

"काकी, कोवळा आंबा अढीत घातला तर?"

"कुसतलो."

"आणि झाडावरच पिकणार असेल तर?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "उठ गो. घरा वचुया."

बाळाला वेळ मिळणार असेल तर आपण मध्ये पडू नये, हे मी एरवी अर्धा तास समजावत बसते. हल्ली आधी विचारते, तुमच्याकडे झाडं कसली आहेत.