पाठीमागची गाय

कुसगावातल्या आमच्या होमस्टेमध्ये सिनेमाची खोली आहे. तिथले स्पीकर टाकवे गावचे एक भाऊ सांभाळतात. हाक मारली की ते आधी भलतीकडेच बघतात. मला वाटायचं, मुद्दाम करतात.

परवा नवे स्पीकर चारही भिंतींना लावून झाल्यावर त्यांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं.

"डोळं मिटा. गाय कुटं चालली, बोटानं दावा."

रेकॉर्डिंग त्यांच्याच गायीच्या घंटेचं होतं. मधे चारही दिशांचा आवाज वेगवेगळा टिपणारा माइक ठेवून त्यांनी तिला भोवती गोल फिरवलं होतं. माझं बोट डावीकडे गेलं आणि तिथेच अडकलं.

"मागं न्हाई गेली?"

"नाही."

ते शिडीवर चढले आणि मागचा स्पीकर सरकवून आले. असं तीनदा झालं. मी वैतागलो. "भाऊ, राहू द्या की! पाहुण्यांना काय कळतंय? नाहीतर तुम्हीच ऐकून ठरवा."

"माजा एक कान लहानपणीच गेला. घंटा ऐकू येती, पर कुटनं येती त्ये न्हाई कळत. मिटा डोळं."

चौथ्यांदा घंटा माझ्या पाठीमागून सावकाश उजवीकडे गेली. बोट तिच्यामागून फिरलं. डोळे उघडले, तर भाऊ माझ्या बोटाकडे बघत होते, आपली गाय बघावी तसे.